पायलट मागे बसतो तेव्हा

मोपाच्या पठारावरचं गवत पिवळं पडू लागलं की आमच्या पेडण्याच्या बाजारात परराज्यांतल्या नंबरांच्या मोटरसायकली दिसायला लागतात. दोन्ही अंगांना फुगलेल्या पिशव्या, मागे रबराने आवळलेली गुंडाळी, आणि चालवणाऱ्याच्या गळ्यात घामाने भिजलेला रुमाल. सगळा पावसाळा घरात बसून मोबाईलवर नकाशे बघत काढलेली ही मंडळी दसरा झाला की बाहेर पडतात. आमच्या बाजारात चहा घेतात, आणि मोबाईलमध्ये सगळं असूनही आमच्या स्टँडवर येऊन रस्ता विचारतात. माणसाला माणसाने सांगितलेलं लागतं, हे मला बरं वाटतं.

आमचा स्टँड म्हणजे पायलटांचा. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे पायलट विमान चालवत नाही, मोटरसायकल चालवतो. गाडीचा पुढचा मडगार्ड पिवळा, मागच्या सीटवर भाडं, आणि भाड्याच्या मांडीवर बहुतेक वेळा बाजाराची पिशवी. मोपाला विमानतळ झाल्यापासून दुसऱ्या जातीचे पायलटही आमच्या तालुक्यात उतरतात. त्यांचा गणवेश कडक असतो हे मान्य. पण मागच्या सीटवरच्या माणसाच्या घरातली आजारी म्हातारी आज कशी आहे, हे त्यांच्यापैकी कोणाला ठाऊक असतं?

तीसेक वर्षं मी ह्या स्टँडवर काढली आणि तेवढी वर्षं लोकांना देशभरचे रस्ते सांगितले. हंपीला कुठून जावं, घाट कोणता टाळावा, कुठे पेट्रोल भरून घ्यावं. परतीच्या वाटेवर थांबलेल्या माणसांकडून ऐकायचं आणि पुढे जाणाऱ्यांना सांगायचं, असा माझा कारभार. सांगताना आवाज असा काढायचो की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस परवाच तिकडून आला. खरं म्हणजे मी बेळगावच्या पलीकडे कधी गेलो नव्हतो.

असंच गवत पिवळं पडायच्या दिवसांत, तीन-चार वर्षांमागे, माझी बहीण सर्वणला असते तिच्याकडे नव्या तांदळाच्या जेवणाला गेलो होतो. कापणी अर्धी झालेली, वाटेत दोन्हीकडे ओल्या गवताचा वास. परतताना मयेच्या तळ्याजवळ एक गाय माझ्या पुढच्या चाकासमोर उभी राहिली. आली म्हणत नाही, कारण ती येताना मला दिसलीच नाही. मी कसाबसा थांबलो. गायीने माझ्याकडे पाहिलं, मी गायीकडे, आणि ती तिच्या वाटेने गेली. त्याच आठवड्यात एक माणूसही असाच बाजूने उगवला, तेव्हा म्हापशाला जाऊन डोळे दाखवले. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. समोरचं दिसतं, बाजूचं हळूहळू मिटत जातं. आहे तेवढं औषधाने टिकेल, थेंब चुकवायचे नाहीत, आणि गाडी बंद.

शेवटचे दोन शब्द त्यांनी फार सहज उच्चारले. घरी येऊन मी गाडी पडवीत लावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला कपडे करून तिच्याजवळ जाऊन बसलो. बायको, सुनंदा, चहाचा कप शेजारी ठेवून गेली. पाव देणारा पोदेर भोंपू वाजवत आला, कोंड्याच्या पोया देऊन गेला, आणि मी तसाच. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. भाडं गेल्याचं नाही. गावात मला सगळे पायलट म्हणूनच हाक मारतात. गाडी गेली तर हाकेला ओ कोणी द्यायची, हे मला समजेना. आठवडाभर मी स्टँडकडे फिरकलो नाही.

आमची मुलगी पूर्वा एका औषधांच्या कारखान्यात नोकरी करते. तिची स्वतःची मोटरसायकल आहे, जुनीच घेतलेली, पण माझ्या गाडीपेक्षा अंगाने दणकट. गाडी चालवायला तिला मीच शिकवलं, पठारावरच्या मोकळ्या कातळावर. तिने वर्षभराची सुट्टी साठवून ठेवली होती आणि एकटीच लांब कुठेतरी जायचा तिचा बेत चालला होता, तो मला अर्धवट माहीत होता. एका संध्याकाळी ती पडवीत येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"बाबा, सगळ्यांक तू वाटो सांगतंस. चल, एकदा बघून येवया त्यो आसत काय नाय त्यो."

"माका गाडी चलवक बंदी आसा, ठावक नाय तुका?"

"चलवतलंय मी. तू फाटल्यान बस."

मी पायलट. मागच्या सीटवर मी शेवटचा कधी बसलो होतो ते आठवायचा प्रयत्न केला आणि मला आठवलं नाही. म्हणालो, हे जमायचं नाही. मग सुनंदा आतून आली. म्हणाली, "घरात बसून माजा तोंड बघण्यापरास जा. डोळ्यांत थेंब घालूक पूर्वा आसाच." आणि पूर्वाने हळूच विचारलं, "तुका सूर्य दर्यातसून वयर येताना बघूचो हुतो मां?"

हे मी कधीतरी बोलून गेलो होतो. आम्ही केरी-हरमलच्या बाजूची माणसं रोज सूर्य पाण्यात बुडताना बघतो. पाण्यातून वर येताना तो कसा दिसत असेल, हा प्रश्न मला लहानपणापासून पडलेला. पोरीने तो ध्यानात ठेवला होता. मी गप्प बसलो, आणि आमच्या घरात माझ्या गप्प बसण्याचा अर्थ होकार असा धरतात.

निघायच्या आदल्या दिवशी सुनंदाने वाड्याच्या शिमेवरच्या राखणदार देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्याने सांगणं, आणि प्रत्येक मागणीला बाकीच्यांनी होकार भरायचा. "बा देवा म्हाराजा, ही दोगा जणां परमुलखात चल्ली आसत, तेंका सांभाळ रे म्हाराजा." आम्ही म्हटलं, व्हय म्हाराजा. "आनी ह्या माणसाक फाटल्या सीटीर गप बसपाची बुद्धी दी रे म्हाराजा." पूर्वाने ह्यावर असा 'व्हय म्हाराजा' ठोकला की वरच्या झाडावरचे कावळे उडाले.

आता सल्ला. कोणी विचारलं की मी पहिल्यांदा वेळेचं सांगतो. ह्या देशात मोटरसायकल पोदेराच्या भोंप्याबरोबर काढावी आणि सूर्य झाडांच्या मागे गेला की उभी करावी. दुपारच्या उन्हाला लोक भितात, पण खरी भीती तिन्हीसांजेची. दिवसभर तापलेल्या डांबरावर गुरं ऊब घेत बसतात, शेतातून परतणाऱ्या ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, आणि आपण मात्र अजून एक गाव, अजून एक गाव करत राहतो. ते एक गाव सकाळी गाठावं. सकाळी सगळी गावं चांगली दिसतात.

आम्ही पहाटे घरून निघालो ते डिचोलीमार्गे. त्या बाजूच्या रस्त्यावर ट्रकांतून सांडलेली खाणीची तांबडी माती असते. कोरडी असली की डोळ्यांत जाते आणि दवाने भिजली की चाक साबणावर चढल्यासारखं सरकतं. "ब्रेक मारू नको, गियर उतर," मी मागून ओरडलो. पूर्वाने आधीच उतरवला होता. साखळी गाव मागे पडलं, चोर्ल्याचा घाट लागला, आणि प्रत्येक वळणाला माझा उजवा पाय फूटरेस्ट दाबायला लागला. तिथे ब्रेक नव्हता. पण पायाला ते कोण सांगणार? घाट चढून वर थांबलो तेव्हा माझी पोटरी दुखत होती, आणि सबंध घाट कोणी चालवला असं विचारलं असतं तर मी शपथेवर माझं नाव सांगितलं असतं.

चहा पिताना मला दिसलं, पूर्वा मनगटं चोळतेय. मग मी नीट बघितलं. ती गाडीवर टाकीला चिकटून बसत होती, अगदी पुढे, आणि मागे दोन माणसं मावतील एवढी जागा. सारा भार हातांवर. मी विचारलं, एकटी असतेस तेव्हाही अशीच बसतेस काय?

"अशीच. तुजा बघून शिकलंय मां! फाटल्यान जागा ठेवूची. खंयच्या वळणार कोण हात दाखयत, सांगूक येना."

पायलटाच्या पोरीशिवाय कोणी ही चूक करणार नाही. भाडं नसलं तरी आम्ही भाड्याची जागा सोडून बसतो, सवयच ती. कारखान्यात जाणारी ही मुलगी इतकी वर्षं रोज रिकाम्या सीटला जागा देत गाडी चालवत होती. मी तिला म्हटलं, मागे सरक, माझ्यासारख्या काटकुळ्याला कितीशी जागा लागते? ती सरकली, तिची मनगटं सुटली.

बेळगाव मागे पडलं तशी माती काळी झाली आणि माझा सगळा अनुभव संपला. आता मी ऐकलेलं खरं आहे का ते बघायचं होतं. काही खरं निघालं. रस्ता विचारताना गावाचं नाव घालून 'हा तिकडेच जातो ना' असं कधी विचारू नये. आपल्या देशातला माणूस परक्याला नाही म्हणत नाही, तो मान हलवतो. हा रस्ता कुठे जातो, एवढंच विचारावं. ट्रकच्या पुढे जाताना त्याच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसलं तरच जावं, कारण आपल्याला त्याचं दिसत नसेल तर त्यालाही आपलं दिसत नाही. क्लचची नवी वायर जुन्या वायरीला लगटून आधीच बांधून ठेवावी, म्हणजे तुटेल तेव्हा नुसती जोडायची. तहान लागायची वाट बघू नये. ताक दिसलं की थांबावं, मीठ घालून प्यावं.

माझ्या डोळ्यांचे थेंब उन्हात तापू नयेत म्हणून आमच्याकडे चहाचा थर्मास होता. त्यात सरबतवाल्याकडचा बर्फ आणि बर्फात प्लॅस्टिकच्या पिशवीत बाटली. वेळ झाली की पूर्वा जिथे असू तिथे गाडी थांबवायची. कधी वडाखाली, कधी शाळेच्या फाटकाजवळ. मी मान वर करून डोळे ताणायचो आणि ती थेंब टाकायची. एकदा शाळेतली सगळी पोरं कुंपणाला लटकून हा कार्यक्रम बघत होती. थेंब बरोबर पडला तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पडलो आम्ही त्या मुलखातच. तिथे कापणी झाली की शेतकरी पीक रस्त्यावर आणून पसरतात. अर्ध्या डांबरावर मका वाळत असतो, भोवती दगड मांडलेले. पुढे कसल्याशा शेंगांची काडं सबंध रस्ताभर टाकलेली असतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चाकांनी मळणी व्हावी म्हणून. हे मी लोकांना सांगत आलो होतो, की काडं चाकात आणि चेनमध्ये गुंडाळतात, त्यांत सरळ, सावकाश, ब्रेकला हात न लावता जावं. पूर्वा तशीच जात होती. सरळ, सावकाश. पण काडांवर चाक जरा लटपटलं आणि माझ्यातला पायलट जागा झाला. मी डावीकडे कललो आणि पाय खाली टेकला. तिने सावरलेली गाडी मी आडवी केली.

शेंगांच्या ढिगात पडल्याने कोणालाच लागलं नाही. पीक राखत बसलेली एक बाई कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली, पोट धरून हसली, आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. पूर्वा हसली नाही. तिने गाडी उभी केली, चेनमधली काडं एकेक करून ओढून काढली आणि मग माझ्याकडे वळली.

"बाबा, एका गाडयेर दोन डायवर चलनत नाय. तुजो माजेर इस्वास आसा काय नाय, ता आत्ताच सांग. नसलो तर हुबळीत तुका रेल्वेत बसयतंय आनी एकटी फुडे जातंय."

ती खरंच बसवील हे मला तिच्या आवाजावरून कळलं. मी त्या बाईच्या हातचं पाणी प्यालो. विश्वास नव्हता असं नाही. पण विश्वास ठेवायचा म्हणजे हातांनी आणि पायांनी काय करायचं, हे मला येत नव्हतं. तसं मी तिला सांगितलं. मग तिने मला शिकवलं, मी तिला कातळावर शिकवलं होतं तितक्याच सबुरीने. हात मांडीवर ठेव. वळणावर माझ्या खांद्यापलीकडे बघ, मी ज्या बाजूला वळते त्या बाजूच्या खांद्यावरून. पाय फूटरेस्टवरून हलवायचा नाही, आभाळ कोसळलं तरी. आणि बोलायचं असलं तर रस्त्याबद्दल बोलायचं नाही.

मग मी काय बोलू, असं मी म्हणालो. ती म्हणाली, दिसतं ते सांग.

तेव्हापासून मला देश दिसायला लागला. चालवणाऱ्याला दिसतो तो रस्ता, त्याने बाजूला बघायचंच नसतं. तीस वर्षं मी रस्ताच बघितला होता. आता माझ्या डोळ्यांना बाजू नव्हत्या हे खरं, पण मान होती, आणि मागे बसल्यावर ती पाहिजे तितकी वळवायला मोकळीक होती. मी मान वळवून वळवून बघितलं. मिरच्यांनी लाल झालेली अंगणं, सायकलच्या दांड्यावर झोपलेलं पोर, दगडांच्या टेकड्या, तळ्यात बुडलेल्या म्हशींची नाकं. मी बोलत होतो आणि पूर्वा पुढे बघत 'हं' म्हणत होती. तिला न दिसणारं मी सांगायचं आणि मला न दिसणारं तिने सांभाळायचं, असा आमचा बिनबोलाचा करार झाला.

एक गोष्ट मात्र कोणी सांगितली नव्हती, ती सांगतो. आपला पाऊस संपला म्हणजे देशाचा पाऊस संपला, अशी आम्हा गोवेकरांची भाबडी समजूत आहे. दसरा झाला, आता रेनकोट कित्याक, म्हणून मी दोन्ही रेनकोट घरी खुंटीला ठेवून आलो होतो. पूर्वेचा किनारा जवळ आला तसं समोरून काळं काळं चढत आलं. तिकडचा पाऊस आपला संपल्यावर सुरू होतो! भर कार्तिकात आम्ही असे भिजलो की अंतर्वस्त्रांपर्यंत काही सुकं राहिलं नाही. एका टपरीवाल्याने खताच्या मोठ्या पिशव्या कापून आम्हाला अंगरखे करून दिले. ते घालून आम्ही समुद्रापाशी पोचलो. माझ्या पाठीवर युरिया लिहिलं होतं.

सूर्याचं म्हणाल तर पहिल्या पहाटे ढगच होते. पाणी नुसतं पांढुरकं झालं आणि सकाळ झाल्याचं कळलं. दुसऱ्या पहाटे कोळ्यांच्या होड्या परतत होत्या, जाळी ओढणारी माणसं आमच्या किनाऱ्यावर ओढतात त्याच लयीत काहीतरी म्हणत होती, आणि ढगाला फट पडून तो वर आला. समोरच असल्याने मला पूर्ण दिसला. बुडताना दिसतो तसाच दिसतो. फक्त इथे तो गेल्यावर घरी जायचं नसतं, दिवस सगळा पुढे असतो. पूर्वा माझ्याजवळ वाळूत बसली होती. मी तिला म्हटलं, आई इथे असायला हवी होती. ती म्हणाली, फुडल्या फावटी रेल्वेन येवया, तिगांय.

हल्ली मी रोज स्टँडवर जातो. गाडी नसली तरी माझी बाकावरची जागा कोणी घेत नाही, आणि रस्ता विचारणाऱ्यांना बाकीचे माझ्याकडेच पाठवतात. परवा एक तरुण नवरा-बायको आली होती, दक्षिणेकडे निघालेली. मी त्यांना वेळेचं सांगितलं, ताकाचं सांगितलं, रेनकोटाचं तर दोनदा सांगितलं. मागे बसणाऱ्या मुलीने विचारलं, आणि मी काय करायचं? हा प्रश्न इतक्या वर्षांत मला कोणी विचारला नव्हता. तिला मी बसवून घेतलं आणि पुष्कळ वेळ सांगत राहिलो. तिच्या नवऱ्याचा चहा थंड झाला.

त्या प्रवासाचा शेवट सांगायचा राहिला. आम्ही परतलो ते कोल्हापूर, आंबोली, बांदा असे उतरत. पत्रादेवीला गोव्यात शिरलो तेव्हा ऊन नुकतं वर आलं होतं. पूर्वाने मोठा रस्ता सोडून जुन्या रस्त्याला गाडी घेतली आणि काजूच्या झाडांशी थांबवली. इंजिन बंद केलं. हेल्मेट काढलं आणि चावी माझ्यापुढे धरली.

"हयसून घरापर्यंत तू चलय. रस्तो मोकळो आसा, तुज्या पायाखालचो. मी कोणाक सांगना नाय."

मी पुढे बसलो. हँडल हातात आलं आणि हातांना सगळं आठवलं. चावी फिरवली, गाडी सुरू झाली, रस्ता समोर स्वच्छ दिसत होता, सरळ, पार वळणापर्यंत. मी म्हटलं, "बस गे बाय."

"ही रवलंय मां हंय," ती म्हणाली.

आवाज माझ्या कोपराशी होता. ती तिथेच उभी होती, माझ्या डाव्या हाताला, हात लांबवला तर लागेल इतकी जवळ, आणि मला दिसत नव्हती. मी मान वळवली तेव्हा दिसली. धुळीने भुरं झालेलं तोंड, कपाळावर हेल्मेटचा वळ, हसत होती.

मी गाडी बंद केली. उतरलो. चावी तिच्या हातात दिली आणि तिची बोटं मिटवली.

"कित्याक रे बाबा?"

"तू चलय," मी म्हटलं. "पेडण्यातसून मी इतकी वर्सां गेलंय, पेडणां काय माका बघूक गावला नाय. आज बघूचा आसा. आनी सावकाश चलय, माका घाय नाय."